अजून दोन मुठी

“मीठ!”

पहिली हाक तिसऱ्या ओळीतून आली. मी लक्ष दिलं नाही. पंगत दोनशे पानांची होती आणि दोनशेत एखाद्याला मीठ जास्त लागतंच. मी मांडवामागं भट्टीपाशी भज्यांचा घाणा काढत होतो. मग दुसरी हाक आली. मग चौथ्या ओळीत तिघांनी एकदम हात वर केले आणि मीठ वाढणारा, लग्नघरच्या जमदाड्यांचा भाचा वाटी घेऊन पळायला लागला.

आमच्याकडं पानात सगळ्याच्या आधी मीठ वाढतात. बहुतेक जण त्याला हात लावत नाहीत, ते पानाबरोबरच उचललं जातं. तीस वर्षं मी लग्नाच्या पंगती केल्या, पण मिठाची वाटी पुन्हा भरायला आलेली कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी तो भाचा ती तिसऱ्यांदा भरून घेऊन गेला.

“हणमंता, काय झालंय बघ जरा,” मी म्हणालो.

हणमंत माझ्या हाताखाली अठरा वर्षं काम करत होता. तो जागचा हलला नाही. कढईकडं बघत म्हणाला, “बघायचं काय त्यात? सकाळीच म्हणलं होतं तुम्हाला, नाना. मीठ कमी वाटतंय.”

“तुझ्या तोंडात तंबाखू. तुला काय कळतंय?”

“तंबाखू काय आजची हाय का? अठरा वर्सं हाय.”

तेवढ्यात पंगतीतून एक म्हातारा मोठ्यानं ओरडला, “आरं आचाऱ्या, डाक्टरनं पथ्य कुणाला सांगितलंय? आख्ख्या वऱ्हाडाला?”

पंगत हसली. मी झारा कढईवर आडवा ठेवला.

मुलीचा बाप दिनकर जमदाडे आमच्याच आळीतला. तो फेटा सावरत मागं आला. चिडला असता तर बरं वाटलं असतं. त्यानं माझ्यापुढं हात जोडले. “नाना, दुसऱ्या पंगतीला व्याही बसणारेत. तेवढं तरी सांभाळा.”

मी ओगराळं पातेल्यात बुडवलं, आमटी तळहातावर घेतली आणि चाटली. बरोबर होती. पुन्हा घेतली. बरोबरच होती. वांग्याची भाजी खाल्ली, मसालेभाताची दोन शितं तोंडात टाकली. कशातच मला चूक सापडेना. आणि तिकडं मांडवात लोक मीठ मागतच होते.

तासगाव आणि आसपासच्या गावांत मला निवृत्ती आचारी म्हणत. मी सातवी शिकलेला माणूस. माप धरून मी कधी स्वयंपाक केला नाही. अर्धं मीठ हातानं आणि अर्धं जिभेनं, अशी माझी रीत होती. आधी अंदाजानं मुठी टाकायच्या. उकळी आली की ओगराळ्यातली आमटी तळहातावर घेऊन चाखायची आणि एकेक मूठ वाढवत जायचं. जीभ बास म्हणाली की बास. माझ्याकडं दुसरं काही हत्यार नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की ते हत्यार गेलं. त्याच पंगतीत पुढच्या महिन्यात लग्नं असलेली दोन घरं जेवत होती.

आता मागचं थोडं सांगायला पाहिजे. त्याच वर्षी जेठात, हंगामातलं शेवटचं लग्न उरकून मी घरी आलो आणि अंगणात चक्कर येऊन पडलो. माझी बायको सुंदरा मला रिक्षात घालून डॉक्टर म्हेत्र्यांकडं घेऊन गेली. त्यांनी दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा बघितला आणि पुन्हा गुंडाळला. दोनशेच्या वर बीपी होतं. रक्त तपासलं तर मूत्रपिंडावरही ताण आलेला.

“गोळ्या देतो. पण नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही,” डॉक्टर म्हणाले. “मीठ तोडा. लोणचं, पापड, खारं सगळं बंद. साखर निम्म्यावर आणा. चहा किती पिता?”

“कामावर असलो की दहा-बारा.”

“निवृत्तीराव, तुमचं वय अठ्ठावन्न. हे असंच चालू ठेवलंत तर सत्तरी दिसायची नाही तुम्हाला.”

सुंदरा शेजारच्या स्टुलावर बसली होती. माझ्या कागदांची पिशवी तिच्या मांडीवर होती.

त्या संध्याकाळी तिनं मिठाशिवाय वरण केलं. मी एक घास खाल्ला आणि ताट ढकललं. “आचाऱ्याच्या घरात हे? मेलो तरी चालेल, पण असलं खाणार न्हाई मी.”

“बरं,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वरण नेहमीसारखं लागलं. मला वाटलं, विषय संपला.

आषाढापासून तुळशीचं लग्न लागेपर्यंत आमच्याकडं लग्नं होत नाहीत, म्हणून ते महिने मी घरीच होतो. घरातलं दोन वेळचं जेवत होतो. लोणचं दिसेना, विचारलं तर म्हणाली, बुरशी आली. पापड पावसानं सादळले म्हणाली. चहाचे कप बदलले. जुने फुटले म्हणून तिनं बाजारातून छोटे कप आणले. ताकात जिरं आणि कोथिंबीर जास्त यायला लागली. ताटात पोळीच्या जागी ज्वारीची भाकरी आणि एक पालेभाजी रोज असायची. मला कशातच वेगळं काही वाटलं नाही. दिवाळीनंतर म्हेत्रे डॉक्टरांनी पट्टा गुंडाळला आणि म्हणाले, “काय केलंत हो? चांगलं उतरलंय.”

“काय न्हाई. तुमच्या गोळ्या लागू पडल्या,” मी म्हणालो. सुंदरा स्टुलावर बसून पिशवीची गाठ मारत होती.

जमदाड्यांच्या मुलीचं लग्न हे त्या हंगामातलं माझं पहिलं काम.

मी पातेल्यापुढं ओगराळं धरून तसाच उभा होतो, तेव्हा सुंदरा मागं आली. शेजारधर्मानं ती लग्नाला आलेली. जांभळं इरकल नेसली होती, केसात अबोलीचा गजरा होता. तिला बायकांच्या पंगतीला बसायचं होतं. मांडवात तिनंही त्या हाका ऐकल्या असणार.

“सरा बाजूला,” ती म्हणाली.

“तू कशाला आलीस हिकडं? धूर हाय. जा, बायकांत बस.”

तिनं ओगराळं माझ्या हातातून घेतलं, आमटी तळहातावर ओतली आणि चाटली. तीस वर्षं लग्नाचे स्वयंपाक मी केले, पण तिला कधी भट्टीपाशी असं करताना पाहिलं नव्हतं. तिचा हात अगदी माझ्यासारखा वळला.

“अळणी हाय,” ती म्हणाली.

“मला बरोबर लागतीय.”

“तुम्हाला लागणारच.”

“म्हंजे?”

“म्हंजे ते घरी सांगते. आधी मीठ घ्या. हणमंता, डबा आण.”

मी एक मूठ टाकली. ढवळून उकळी आणली. तिनं चाखलं. “अजून.”

मी आणखी एक टाकली. यावेळी मीही चाखलं. आमटी मला खारट लागली. “बास झालं, सुंदरा. पुरी झाली.”

“न्हाई झाली.”

“खारट लागतीय! आख्खं पातेलं वाया जाईल. पुढं व्याही बसायचेत.”

“म्हणून तर म्हणते. अजून दोन मुठी.”

हणमंत मिठाचा डबा धरून एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होता. मांडवात पहिली पंगत उठत होती, पत्रावळी गोळा होत होत्या. वेळ नव्हता. सुंदराचं तोंड मी बघितलं. तिला खोटं बोलताना मी तोपर्यंत कधी पकडलं नव्हतं. मी डब्यात हात घातला आणि दोन मुठी टाकल्या. माझी जीभ नको म्हणत असताना मीठ टाकायची ती आयुष्यातली पहिली वेळ.

तिनं पुन्हा चाखलं आणि मान हलवली. “आता झालं. भाताला आता काय करता येत न्हाई. आमटी जरा चढीच राहू द्या, कालवून खातील. वांग्याला मिठाचं गरम पाणी शिंपडा.” एवढं बोलून तिनं पदराला हात पुसला आणि बायकांत जाऊन बसली.

दुसरी पंगत बसली. मी मांडवाच्या कनातीआडून बघत होतो. जमदाड्यांचे व्याही, चांगले धिप्पाड गृहस्थ, भातावर आमटी घेऊन कालवायला लागले. पहिला घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मग मान वर करून त्यांनी हाक मारली.

“आमटी आणा की हो! एवढीशी वाढून कुठं पळालात?”

जमदाड्यांचा भाचा कोपऱ्यात मिठाची वाटी धरून उभा होता. त्याला पंगत उठेपर्यंत कुणी हाक मारली नाही.

तिसऱ्या प्रहरी आम्ही दोघं चालत घरी निघालो. आळी तशी लांब नव्हती, पण मी मुद्दाम द्राक्षबागांच्या बाजूच्या रस्त्यानं वळलो. मला घरात शिरायच्या आधी ऐकायचं होतं.

“काय केलंयस तू?”

“मीठ कमी केलं.”

“कधीपासनं?”

“आषाढ लागला तवापासनं. दर शनवारी एक चिमूट. तुमच्या डाळीतनं, भाजीतनं, भाकरीच्या पिठातनं. साखरबी तशीच. एकदम केलं तर ताट ढकलता, म्हणून.”

“आणि लोणच्याला बुरशी?”

“बुरशी कसली! दोन बरण्या शेजारच्या कलावतीला दिल्या.” ती थांबली. मग पोरीसारखी खाली बघून म्हणाली, “एक ठिवलीया. पिठाच्या डब्यामागं. मला न्हाई जात अळणी. तुम्ही जेवून उठला की मी घेते चतकोर फोड, आणि भाजीवर वरनं मीठ.”

मला हसू यायला पाहिजे होतं, पण नाही आलं. “माझी जीभ मारलीस तू,” मी म्हणालो. “तीस वर्षांची जीभ होती ती. आज चार माणसांत माझं नाक कापलं गेलं. आचाऱ्याला जीभ न्हाई तर मग काय हाय?”

ती रस्त्यातच उभी राहिली. गजरा सुकून एका बाजूला आला होता.

“लगीन हाय हे माझ्या डोक्यातच न्हाई आलं,” ती म्हणाली. “तेवढं चुकलं माझं. पण डाक्टर म्हणले, सत्तरी दिसायची न्हाई. नुसती जीभ ठिवून मी काय करू?”

मी तिला तिथंच सोडून पुढं चालायला लागलो. दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी ती पाण्याला गेली असताना पिठाच्या डब्यामागं हात घातला. बरणी होती. लिंबाचं लोणचं, तिच्या हातचं, चांगलं मुरलेलं. एक फोड तोंडात टाकली आणि तशीच मोरीत थुंकली. इतकं खारट मी कधी खाल्लं नव्हतं. आणि ते तेच लोणचं होतं, जे मी आधी दोन-दोन फोडी घेऊन खायचो. बरणी जागेवर ठेवली आणि चूळ भरत बराच वेळ मोरीपाशी बसलो.

तिसऱ्या दिवशी जेवताना मी म्हणालो, “मणेराजुरीला लग्न हाय रविवारी. तू चल.”

“मी? मी येऊन काय करू?”

“चाखायला.”

“लोक काय म्हणतील? आचारी बायकोला इचारून मीठ टाकतोय म्हणतील.”

“म्हणू देत. खाऊन म्हणतील का न्हाई?” मी भाकरी मोडली. “पण एक कर. तू तुझं लोणचं सोडू नको. घरात एक जीभ जाग्यावर पाहिजे.”

तिनं तोंडावर पदर धरला, पण हसू तिच्या डोळ्यात दिसत होतं. त्या दिवसापासून बरणी पिठाच्या डब्यामागून निघाली आणि ताटांच्या मधे आली. तिच्या बाजूला.

ती वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं. टेंपोत भांडी, सरपण आणि कांद्याची पोती भरायची, आणि एका पोत्यावर सुंदरा बसायची, पानसुपारीची पिशवी घेऊन. रस्त्यात ती हणमंताला तंबाखूवरून बोलायची. तो म्हणायचा, “काकू, तुम्ही नानांची जीभ झालाय, आता माझी आई होऊ नका.” भट्टीपाशी ती तळहातावर आमटी घ्यायची आणि माझ्याकडं बोटं दाखवायची. एक बोट म्हणजे एक मूठ. बोट नाही दाखवलं की झालं. गावोगावी चेष्टा झाली. “निवृत्ती आचारी शिजवतो, सुंदराकाकू सही करते,” असं म्हणायचे. पण पुन्हा कधी कुठल्या पंगतीत मिठाची वाटी दुसऱ्यांदा भरावी लागली नाही.

घरी मी माझी भाकरी, अळणी डाळ, पालेभाजी आणि ताक खायचो. मला ते आवडायलाही लागलं. ज्वारीला स्वतःची गोडी असते हे मला साठीत कळलं. चहा दोनच वेळा, छोट्या कपात. सुंदरा समोर बसून लोणच्याची फोड, भाजलेला पापड आणि भाजीवर वरून मीठ घ्यायची. मी चिडवायचो, “खा, खा. पोटापाण्याचं साधन हाय ते.” ती म्हणायची, “मग! सोन्यासारखी जपलीया मी जीभ.”

एकदा, मला वाटतं सावळजच्या लग्नाहून येताना, ती टेंपोत कपाळ दाबत होती. “डोकं जड होतंय आताशा,” ती म्हणाली. “मीबी तुमच्यातलंच खावं म्हणते.”

“मग चाखणार कोण? हणमंता?”

हणमंत हसला. ती हसली. मीही हसलो. घरी आल्यावर ती चहा करायला उठली आणि बोलणं तिथंच राहिलं.

दर दोन महिन्यांनी आम्ही म्हेत्रे डॉक्टरांकडं जायचो. ते माझ्या दंडाला पट्टा गुंडाळायचे आणि ती स्टुलावर पिशवी घेऊन बसायची. आकडा ऐकला की तिचा चेहरा खुलायचा. मला सत्तर पूर्ण झाली त्या दिवशी तिनं निम्म्या साखरेचा शिरा केला आणि म्हणाली, “बघा, डाक्टर खोटा ठरला.” म्हेत्रे डॉक्टरांनाही तिनं तसंच तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, “खोटा ठरलो याचा आनंदच आहे, काकू.”

मागच्या माघात ती सकाळी उन्हाला मेथी निवडत बसली होती. मी आतून विचारलं, भाकऱ्या किती थापू? ती काही बोलली नाही. बाहेर आलो तर सूप उलटं झालेलं आणि ती एका कुशीवर. मेथीची जुडी हातातच होती.

मिरजेच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर बाहेर आला. डोक्यात रक्तस्राव झालाय म्हणाला. मग कागद पुढं ओढून त्यानं विचारलं, “यांना बीपी किती वर्षांपासून आहे?”

“बीपी मला आहे, डॉक्टर,” मी म्हणालो. “हिला नाही.”

तो लिहायचा थांबला. “शेवटचं कधी तपासलं होतं यांचं?”

ती पिशवी मी घाईत बरोबर आणली होती. मी ती बाकावर उघडली. चौदा वर्षांचे कागद होते, तिनं तारखांप्रमाणं लावून ठेवलेले. मी एकेक करून सगळे बघितले. डॉक्टर बाजूला उभा होता, त्यानं घाई केली नाही. सगळे कागद माझे होते.

ती तिसऱ्या दिवशी गेली.

तेराव्याचा स्वयंपाक हणमंतानं केला. आता तोच आचारी आहे, माझी भांडी मी त्याला दिली. अंगणात भट्टी लावली होती. मी भिंतीला टेकून बसलो होतो, म्हेत्रे डॉक्टर शेजारी खुर्चीवर होते. आमटीला उकळी आली तशी हणमंत ओगराळं भरून माझ्याकडं घेऊन आला. सवयीनं आला असेल. जवळ आल्यावर चाखणारी आता नाही हे त्याच्या लक्षात आलं आणि तो घोटाळला.

“तंबाखू सुटली न्हाई, नाना,” तो म्हणाला. “मला काय कळायचं न्हाई. तुम्हीच बघा.”

मी हात पुढं केला. त्यानं आमटी तळहातावर ओतली. मी चाखली. मला ती अगदी बरोबर लागली.

“अजून दोन मुठी टाक,” मी म्हणालो.

त्यानं टाकल्या. पंगत बसली. कलावतीचा मुलगा मिठाची वाटी घेऊन ओळींतून एकदा फिरला, आणि मग पंगत उठेपर्यंत वाटी धरून कोपऱ्यात उभा राहिला.